समोरचा डोंगर दिसतो, मग गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख का दिसत नाही? चाळिशी आणि सिलिंडर नंबर, दोन्ही नीट समजून घ्या

खडकवासला, डोणजे, खानापूर करत पानशेतला पोहोचलं की धरणाच्या पाण्यापलीकडच्या डोंगरावरची झाडंसुद्धा वेगवेगळी दिसतात. पण त्याच माणसाला टपरीवर चहाचे पैसे देताना मोबाइल हातभर लांब धरावा लागतो. वीस टाकले की दोनशे, हे दोनदा तपासावं लागतं. नजर लांबची पक्की आणि जवळची कच्ची, असं एकाच डोळ्यात कसं काय होतं?

वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात आणि शेजारच्या भोरमध्ये भातशेतीवर जगणारी घरं बरीच आहेत. तांदूळ निवडताना खडा राहून जातो, सुईत दोरा जात नाही, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण वाचता येत नाही. "आता वय झालं" म्हणून हे सगळं सोडून दिलं जातं. काही जण बाजारातून तयार चष्मा आणतात, काहींना त्याने बरं वाटतं, काहींचं डोकं दुखतं. ज्यांचं डोकं दुखतं त्यांच्या डोळ्यात बऱ्याचदा चाळिशीबरोबर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे सिलिंडर नंबर. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. एकेक करून बघू.

चाळिशी म्हणजे नेमकं काय होतं?

मराठीत गंमत अशी की वयाला, त्या वयात येणाऱ्या त्रासाला आणि त्यावरच्या चष्म्यालाही आपण 'चाळिशी'च म्हणतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला वृद्धदृष्टिता असं नाव आहे. पण चाळीस-बेचाळीसच्या माणसाला वृद्ध कोण म्हणणार? त्यामुळे आपला बोलीतला शब्दच जास्त बरोबर आहे.

डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. ते बारीक धाग्यांनी भोवतालच्या स्नायूच्या कड्याला टांगलेलं असतं. लांब बघताना हा स्नायू सैल असतो, धागे ताणलेले असतात आणि भिंग चपटं राहतं. जवळचं बघायचं झालं की स्नायू आकसतो, कडं लहान होतं, धागे ढिले पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणामुळे फुगतं. भिंग फुगलं की त्याची ताकद वाढते आणि जवळची वस्तू स्पष्ट दिसते. लहानपणी हे क्षणात होतं, आपल्याला कळतही नाही.

आता या भिंगाची एक खोड आहे. त्यात आयुष्यभर नवीन थर तयार होत राहतात आणि जुने थर बाहेर टाकले जात नाहीत. कांद्यासारखे पापुद्रे एकावर एक बसत जातात. आतला भाग दाबला जाऊन हळूहळू कडक होतो. स्नायू पूर्वीसारखा आकसतो, धागेही ढिले पडतात, पण भिंग फुगत नाही.

एकोणिसाव्या शतकात डॉन्डर्स या डच डॉक्टरांनी ही ताकद वयानुसार कशी घटते याचा तक्ता केला होता. ढोबळ आकडे असे आहेत. दहाव्या वर्षी साधारण १४ डायॉप्टर, विसाव्या वर्षी १०, चाळिसाव्या वर्षी ४.५, पन्नाशीला २.५ आणि साठीला जेमतेम १. डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजायचं एकक, आपण ज्याला 'नंबर' म्हणतो तेच.

आता साधा हिशेब करू. पुस्तक किंवा मोबाइल आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो. तिथलं स्पष्ट दिसायला २.५ डायॉप्टर ताकद लागते. चाळिशीत तुमच्याकडे ४.५ आहे, म्हणजे काम भागतं. पण निम्म्याहून जास्त ताकद सतत वापरावी लागते, म्हणून संध्याकाळी डोळे जड होतात. पन्नाशीला जवळ असलेली सगळीच्या सगळी ताकद लावली तरच कसंबसं दिसतं. साठीला स्पष्ट दिसायची जवळची हद्द एक मीटरवर जाते. तेवढा हात कुणाचाच लांब नसतो.

हाच हिशेब उलट केला की चष्म्याचा नंबर मिळतो. चाळीस-पंचेचाळीसला साधारण +१.००, पन्नाशीच्या आसपास +१.५० ते +२.०० आणि साठीनंतर +२.५० च्या जवळ. साठी-पासष्टीनंतर हा नंबर फारसा वाढत नाही, कारण भिंगात घटण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पानशेत फुटलं त्या १९६१ साली जन्मलेली माणसं आज या टप्प्यावर आहेत.

उन्हात दिसतं, घरात दिसत नाही, असं का?

उजेड भरपूर असला की बाहुली लहान होते. लहान छिद्रातून आलेला प्रकाश कमी पसरतो, त्यामुळे भिंग नीट फुगलं नाही तरी अक्षर वाचण्याइतकं दिसतं. दिवेलागणीनंतर बाहुली मोठी होते आणि तोच मजकूर पुसट होतो. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षं बरेच जण "दिवसा मला काही त्रास नाही" म्हणत राहतात. उजेड वाढवला हा तात्पुरता उपाय झाला, त्रास गेला असं नाही.

सिलिंडर नंबर म्हणजे काय?

चाळिशी आतल्या भिंगामुळे येते. सिलिंडर नंबर बहुतेक वेळा डोळ्याच्या सगळ्यात पुढच्या पारदर्शक काचेमुळे, म्हणजे पारपटलामुळे येतो. आणि त्याचा वयाशी थेट संबंध नाही. तो पाच वर्षांच्या मुलालाही असू शकतो.

डोळ्यात येणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम हे पारपटल करतं. ते क्रिकेटच्या चेंडूसारखं सगळ्या बाजूंनी सारखं गोल असेल, तर सगळा प्रकाश एका बिंदूवर येतो. पण ते चमच्याच्या पाठीसारखं असेल, म्हणजे एका दिशेने जास्त वळलेलं आणि दुसऱ्या दिशेने कमी, तर उभ्या दिशेचा प्रकाश एका ठिकाणी जमतो आणि आडव्या दिशेचा दुसऱ्या ठिकाणी. मग बिंदूचा बिंदू दिसत नाही, त्याला शेपूट फुटतं. पुस्तकी मराठीत याला अबिंदुकता किंवा दृष्टिवैषम्य म्हणतात.

हा दोष थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली स्वतःच्याच डोळ्यात शोधला. पुढे १८२५ साली जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यासाठी पन्हळीसारखी, म्हणजे एकाच दिशेने वळलेली काच करवून घेतली. आजची सिलिंडर काच त्याच तत्त्वावर चालते. जिथे डोळ्याला कमी-जास्त ताकद आहे, फक्त त्याच दिशेने ती भरून काढायची.

सिलिंडर नंबर असलेल्याला लांबचंही थोडं पुसट आणि जवळचंही थोडं पुसट दिसतं. ३ आणि ८, प आणि ष यांत गल्लत होते. डोळे बारीक करून बघायची सवय लागते. रात्री दिव्यांना लांबच लांब रेघा दिसतात. रविवारी रात्री पानशेतहून पुण्याकडे परतताना समोरच्या गाडीचा दिवा तारा फुटल्यासारखा पसरून दिसत असेल, तर आधी चष्म्याची आणि गाडीची काच पुसून बघा. तरीही रेघा राहिल्या तर डोळे तपासून घ्या. सिलिंडर नंबर किंवा मोतीबिंदू, दोन्ही कारणं असू शकतात. अंधाऱ्या, वळणाच्या रस्त्यावर हे अंगावर काढण्यासारखं नाही.

चिठ्ठीवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा तुमच्या चिठ्ठीवर असं लिहिलंय: स्फेरिकल शून्य, सिलिंडर −०.७५, ॲक्सिस ९०, ॲड +१.५०.

स्फेरिकल म्हणजे सगळ्या दिशांना सारखा लागणारा नंबर. तो शून्य आहे, म्हणजे लांबची नजर त्या बाबतीत ठीक.

सिलिंडर म्हणजे दोन दिशांमधला फरक. इथे पाऊण डायॉप्टर.

ॲक्सिस म्हणजे ती काच कोणत्या कोनात बसवायची. हा आकडा १ ते १८० च्या मध्ये असतो. "माझा ॲक्सिस एकशेऐंशी आहे, म्हणजे डोळे फारच बिघडले" असं समजून घाबरणारे लोक आहेत. ॲक्सिस ही दिशा आहे, तिचा दोष कमी-जास्त असण्याशी संबंध नाही.

ॲड म्हणजे जवळच्या कामासाठी वरून घातलेली ताकद. हीच तुमची चाळिशी.

दोन दुकानांतून दोन वेगळ्या चिठ्ठ्या आल्या तर लगेच भांडायला जाऊ नका. 'स्फेरिकल शून्य, सिलिंडर −०.७५, ॲक्सिस ९०' आणि 'स्फेरिकल −०.७५, सिलिंडर +०.७५, ॲक्सिस १८०' हे दोन्ही नंबर एकच आहेत, फक्त लिहायची पद्धत वेगळी.

ॲक्सिसबद्दल आणखी एक कामाची गोष्ट. सिलिंडर काच ठरलेल्या कोनातून १० अंश फिरली, तर तिचा साधारण एक तृतीयांश फायदा जातो. ३० अंश फिरली तर चष्मा लावून उपयोगच राहत नाही. त्यामुळे काडी वाकलेला, नाकावर तिरका बसणारा चष्मा सिलिंडर नंबरवाल्याला खरंच त्रास देतो. दुकानात जाऊन फ्रेम सरळ करून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं.

मग बाजारातला तयार चष्मा घ्यायचा की नाही?

तयार चष्म्याच्या दोन्ही काचांना सारखाच नंबर असतो आणि त्यात सिलिंडर नसतो. ज्यांचे दोन्ही डोळे सारखे आहेत, लांबचं स्वच्छ दिसतं आणि फक्त चाळिशी आहे, त्यांचं त्यावर काम भागतं. त्याने डोळे खराब होत नाहीत. ज्यांना सिलिंडर आहे किंवा दोन डोळ्यांत फरक आहे, त्यांना मात्र तो लावून अक्षर मोठं दिसतं पण साफ दिसत नाही, आणि डोकं धरतं.

साध्या चष्म्यानेही किती फरक पडतो, हे आपल्याच देशात मोजलं गेलंय. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला. तो २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानं खुडण्याची क्षमता चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पन्नाशीपुढच्या कामगारांत हा फरक सुमारे ३२ टक्के होता. चहाची पानं खुडायला वाचता यावं लागत नाही, तरी हा फरक पडला. तांदूळ निवडणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला चष्म्याची गरज नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात सुमारे ८२ कोटी ६० लाख लोकांना चाळिशी आहे आणि त्यावर योग्य उपायच मिळालेला नाही. म्हणजे एका साध्या चष्म्याने सुटणारी ही अडचण आहे.

पण तयार चष्म्याचा एक खरा धोका आहे. दिसायला लागलं की माणूस डोळे तपासायला जात नाही. काचबिंदू याच वयानंतर वाढत जातो, तो दुखत नाही, सुरुवातीला नजरही कमी करत नाही आणि त्याने एकदा गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहामुळे पडद्यावर होणारे बदलही असेच गुपचूप होतात. चाळिशी लागणं हे डोळ्यांची पहिली पूर्ण तपासणी करून घ्यायचं उत्तम निमित्त आहे. डोळ्याचा दाब, मागचा पडदा आणि नंबर, तिन्ही एकाच फेरीत तपासून होतात. घरात कुणाला काचबिंदू असेल तर ही तपासणी टाळूच नका.

गड उतरताना दोन भागांचा चष्मा नको

बायफोकल चष्म्यात वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसतं. प्रोग्रेसिव्हमध्ये मधली रेघ नसते, ताकद वरून खाली हळूहळू बदलत जाते. दोन्ही चांगले आहेत. फक्त पायऱ्या उतरताना आपण खाली बघतो, आणि तिथे असतो ४० सेंटिमीटरसाठी केलेला भाग. पायरी दीड मीटरवर असते, त्यामुळे ती पुसट दिसते. तोरणा, राजगड उतरताना, ओल्या बांधावरून चालताना किंवा नवा चष्मा लागलेल्या पहिल्या आठवड्यात पाय चुकतो तो इथेच. गडावर आणि दुचाकीवर फक्त लांबच्या नंबरचा चष्मा वापरा, किंवा मान खाली घालून वरच्या भागातून पायरी बघा.

"चष्मा घालवा" म्हणणाऱ्या व्हिडिओंचं काय?

सप्टेंबर २०२४ आठवतोय? 'चष्मा घालवणारे ड्रॉप्स आले' ही बातमी घराघरातल्या ग्रुपवर फिरली होती. मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या 'प्रेसव्हू' या थेंबांना ऑगस्टमध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली होती. पण प्रसिद्धीत केलेले दावे मंजुरीत बसत नाहीत, असं कारण देऊन १० सप्टेंबरला ती परवानगी स्थगित करण्यात आली. पहिली बातमी जितकी फिरली, तितकी दुसरी फिरली नाही.

या थेंबांमध्ये पायलोकार्पिन हे जुनं औषध असतं. ते बाहुली लहान करतं. उन्हात जसं थोडं बरं दिसतं, तोच परिणाम काही तासांसाठी मिळतो. भिंग पुन्हा मऊ होत नाही. डोकेदुखी, अंधारात कमी दिसणं आणि क्वचित पडदा सरकणं, असे धोकेही असतात. अमेरिकेत याच औषधाच्या थेंबांना २०२१ मध्ये मान्यता मिळाली, पण तिथेही ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात.

डोळ्यांच्या व्यायामाचंही तसंच आहे. व्यायामाने स्नायू सुधारतो. चाळिशीत दोष भिंगाच्या कडकपणाचा आहे, आणि सिलिंडरमध्ये पारपटलाच्या आकाराचा. डोळे गोल फिरवून यातलं काहीच बदलत नाही. मध, गुलाबपाणी, तूप किंवा कसलाही रस डोळ्यात घालू नका, जंतुसंसर्ग झाला तर पारपटलावर कायमचा डाग राहू शकतो.

"चष्मा लावला की नंबर वाढतो" हा समजही चुकीचा आहे. नंबर वयामुळे वाढतो, चष्मा लावा अगर न लावा. चष्म्याची सवय लागल्यासारखं वाटतं, कारण स्पष्ट दिसणं म्हणजे काय हे तोवर कळलेलं असतं.

"आजीचा चष्मा सुटला!"

सत्तरीतल्या आजी अचानक चष्म्याशिवाय हरिपाठ वाचायला लागल्या की घरात कौतुक होतं. कौतुक जरूर करा, पण त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही न्या. मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंगाचा मधला भाग दाट होतो आणि डोळ्याला जवळचा नंबर येतो. त्यामुळे जवळचं काही काळ चांगलं दिसतं, लांबचं मात्र कमी होत जातं. काही जणांना आधीपासूनच थोडा उणे नंबर असतो, त्यांनाही चष्म्याशिवाय वाचता येतं. यातलं नेमकं काय आहे ते तपासणीतच कळतं.

मुलांचं मात्र थांबवू नका

मोठ्यांचा सिलिंडर नंबर दोन महिने उशिरा सापडला तर फार बिघडत नाही. लहान मुलाचं तसं नाही. एका डोळ्याला जास्त सिलिंडर असेल तर मेंदू त्या डोळ्याचं पुसट चित्र बाजूला ठेवायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लागला तर तो सुधारण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला जग तसंच दिसत आलेलं असतं. घरी एक-एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा.

आणि किशोरवयात सिलिंडर नंबर दर काही महिन्यांनी वाढत असेल, मूल सारखं डोळे चोळत असेल, तर पारपटल पातळ होऊन पुढे येण्याचा आजार आहे का, ते वेळेत बघावं लागतं. लवकर कळलं तर तो वाढण्यापासून रोखता येतो.

घरच्या घरी इतकं करून बघा

एक डोळा झाकून औषधाच्या पाकिटावरची तारीख ४० सेंटिमीटरवरून वाचा, मग दुसऱ्या डोळ्याने. दोन्हींत मोठा फरक असेल तर तयार चष्मा तुमच्यासाठी नाही. कागदावर घड्याळासारख्या बारा रेघा मध्यापासून काढा आणि एकेका डोळ्याने बघा. काही रेघा गडद आणि काही फिक्या दिसल्या तर सिलिंडर असण्याची शक्यता आहे. हा फक्त इशारा आहे, नंबर तपासूनच काढायचा.

मधुमेह असेल तर साखर काही आठवडे आटोक्यात असतानाच नंबर काढा. साखर वर-खाली होत असली की नंबरही बदलतो आणि नवा चष्मा महिन्यात निरुपयोगी ठरतो.

अचानक नजर कमी होणं, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं वाटणं, चमक दिसून काळे ठिपके वाढणं, लाल डोळ्यासोबत जोरात दुखणं, ही चाळिशीची लक्षणं नव्हेत. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणी कुठे होते?

सरकारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडून नंबर काढून मिळतो. तुमच्या भागात त्यांचे वार कोणते, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि त्यात शाळेतल्या मुलांना आणि गरजू ज्येष्ठांना मोफत चष्मा देण्याची तरतूद आहे. पुढच्या तपासणीसाठी पुण्यात ससून आहे.

तुमच्या घरात मोबाइल हातभर लांब धरणारं कुणी असेल, तर त्यांना पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी एकदा विचारा, डोळे शेवटचे कधी तपासले होते?